'दस्यु सुंदरी' : भिंडच्या दोन शरणागती आणि एका शब्दाचं प्रकरण

अप्पांना कात्रणं जपायचा नाद होता. ग्वाल्हेरच्या कोर्टात ते पेशकार. दिवसभर मिसली हाताळायच्या, तारखा लावायच्या, आणि संध्याकाळी शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या घरी ओसरीवर बसून कात्री, खळीची वाटी आणि एक जुनी हिशेबाची वही घेऊन पुन्हा तेच काम करायचं. ते गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. तिच्यात समोरासमोरच्या दोन पानांवर दोन कात्रणं डकवलेली आहेत. डावीकडचं जून १९८२ चं, चंबळच्या खोऱ्यातल्या डाकू मलखानसिंगच्या शरणागतीचं. उजवीकडचं फेब्रुवारी १९८३ चं, तिथल्याच टोळीवाल्या फूलन देवीच्या शरणागतीचं. गाव तेच, भिंड. दोघांनी हत्यार ठेवलं तेही एकाच माणसापुढे, मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री अर्जुनसिंगांपुढे. मधे जेमतेम आठ महिने. डावीकडच्या मथळ्यात 'दस्यु सम्राट', उजवीकडच्या मथळ्यात 'दस्यु सुंदरी'.

माझी नोकरीची सगळी वर्षं हिंदी दैनिकाच्या डेस्कवर गेली. आता आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलामुलींना मथळा कसा करायचा, इंट्रो कसा लिहायचा हे शिकवते. हिंसक गुन्हा केलेल्या बाईची बातमी आपण कशी लिहितो, हे दाखवायला मला या दोन पानांपेक्षा चांगलं प्रकरण मिळालेलं नाही. प्रदेश एक, काळ एक, सरकार एक, आरोपही त्याच जातीचे: खून, दरोडे, अपहरणं. फरक एवढाच की एक पुरुष आहे आणि एक बाई.

आधी आमच्याकडचा रिवाज सांगायला हवा. चंबळच्या घळींत, म्हणजे बीहडात, हत्यार घेऊन उतरलेल्या माणसाला ग्वाल्हेर-भिंड-मुरैन्यात लोक 'डाकू' म्हणत नसत, 'बागी' म्हणत. १९६० साली विनोबा या भागातून पायी फिरले आणि वीस जणांनी त्यांच्या पायाशी बंदुका ठेवल्या. १९७२ मध्ये जौऱ्याजवळ जयप्रकाशजींसमोर मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्या शरण आल्या. त्या बातम्यांत माणूस कुठल्या गावचा, डोक्यावर इनाम किती, भांडण कशावरून पेटलं, हे यायचं. मलखानसिंगच्या बाबतीतही तसंच झालं. बिलाव गावच्या देवळाच्या जमिनीवरून सरपंचाशी वाद, त्यातून बंदूक, हे कारण त्या वेळी पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. त्याच्या मिशांचं, उंचीचं वर्णन यायचं, नाही असं नाही. पण मिशा हा बातमीचा मथळा नव्हता.

फूलनच्या बातमीत चेहरा हाच मथळा झाला, आणि तोही कोणी पाहिलेला नसताना. शरण येईपर्यंत पोलिसांकडे तिचा खात्रीचा फोटो नव्हता. वार्ताहरांकडे तर नव्हताच. तरी दोन वर्षं ती कागदावर उंच, देखणी, लांब केसांची, घोड्यावर बसलेली अशी वावरत होती. बाई आहे, बंदूक आहे, म्हणजे सुंदर असलीच पाहिजे, एवढ्याच पुराव्यावर 'सुंदरी' हा शब्द छापला गेला.

१२ फेब्रुवारी १९८३ ला आमचा बंडूमामा पहाटेच्या बसने भिंडला गेला होता. परत आला तेव्हा रात्र झाली होती. आई त्याला वाढत होती आणि आम्ही पोरं भोवती बसलो होतो. मामा भात कालवत म्हणाला, "अगं ताई, एवढीशी पोर आहे ती. आपल्या शेजारच्या धोबिणीच्या मुलीएवढी." हात त्याने ताटाच्या वर जरासा उचलून दाखवला. गर्दीतले कितीतरी लोक 'हीच का ती?' म्हणत होते, असंही त्याने सांगितलं. कात्रणातला फोटो तेच दाखवतो: खाकी कपडे, कपाळाला लाल पट्टी, खांद्यावर शाल, पाच फुटांच्या आतली, विशीची मुलगी. व्यासपीठावर गांधीजींची तसबीर आणि दुर्गेची तसबीर, आणि त्यांच्यासमोर ती रायफल ठेवते आहे. फोटो इतका स्पष्ट असूनही त्याच्यावर 'सुंदरी' छापलं आहेच. पुढच्या दिवसांत काही वार्ताहरांनी चक्क हिरमोड झाल्यासारखं लिहिलं, जणू तिने त्यांना शब्द दिला होता आणि तो मोडला. तिचं रूप आधी छापलं यांनी, आणि तसं नव्हतं म्हणून दोषही तिलाच दिला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एक शब्द तर आहे, सुटा घ्यावा. मी तो सुटा घेऊ शकत नाही, कारण त्या शब्दाने बातमीतून काय काय बाहेर ढकललं ते मी डेस्कवर बसून पाहिलेलं आहे.

पहिली बाहेर गेली जमीन. मलखानचं कारण देवळाची जमीन, हे सगळ्यांना ठाऊक. पण फूलनचं पहिलं भांडणही जमिनीचंच होतं. जालौन जिल्ह्यातल्या गोरहा का पुरवा गावात तिच्या वडिलांच्या वाट्याची जमीन चुलत्याच्या मुलाने बळकावली, वडिलांचा कडुनिंब तोडून नेला, आणि दहा-अकरा वर्षांची ही मुलगी जमिनीत जाऊन बसली, भर गावात त्याच्याशी भांडली. पुढचं सगळं त्यानंतरचं आहे: तिच्या तिप्पट वयाच्या माणसाशी लग्न, तिथून माहेरी परतणं, त्याच चुलतभावाच्या चोरीच्या तक्रारीवरून १९७९ मध्ये पोलीस कोठडी, मग टोळीने उचलून नेणं. मल्लाह घरातली, म्हणजे नदीकाठच्या नावाड्यांच्या जातीतली, जमीन हातची गेलेल्यांतली ही मुलगी. शरण येताना तिने घातलेल्या अटींतही जमिनीचा तुकडा होता. फाशी नको, टोळीतल्या साथीदारांना आठ वर्षांपेक्षा जास्त कैद नको, आणि जमीन. अटींच्या यादीत जमीन मागणारी बाई आपल्या बातम्यांत 'सूडाने पेटलेली नागीण' झाली. पुरुष शेतासाठी बंदूक घेतो आणि बाई अब्रूसाठी, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की कागदावर लिहिलेली अटही आपल्याला वाचता आली नाही.

तिच्यावर अत्याचार झाले हे खरंच आहे, आणि ते भयंकर होते. टोळीतला तिचा जोडीदार विक्रम मल्लाह याला मारल्यावर तिला बेहमईत कोंडून ठाकुरांनी जे केलं ते लपवावं असं मी म्हणत नाही. पण बलात्कार हा गुन्हा म्हणून लिहायचा असतो: कोणी केला, तक्रार झाली का, अटक कोणाला झाली. इथे तो तिच्या 'कहाणी'तला एक प्रसंग म्हणून लिहिला गेला, वाचकाला पान उलटू न देणारा. पुढे १९९४ मध्ये तिच्यावर सिनेमा आला तेव्हा ती स्वतः दिल्ली उच्च न्यायालयात गेली, हे असं दाखवू नका म्हणून. आपल्यावरचा अत्याचार लोकांपुढे किती उघडा करायचा, हे ठरवायचा हक्क तिला कोणी दिलाच नव्हता.

दुसरे बाहेर गेले बेहमईचे मेलेले. हे सांगताना माझा आवाज वर्गात नेहमी चढतो. १४ फेब्रुवारी १९८१ ला यमुनेकाठच्या त्या गावात वीस माणसं गोळ्या घालून मारली गेली, बहुतेक ठाकूर. मारणारी टोळी फूलनची. आपण स्वतः गोळी झाडली नाही असं ती सांगत राहिली, वाचलेले गावकरी वेगळं सांगत राहिले. याचा निवाडा व्हायला हवा होता तो कोर्टात. गावात त्या वीस जणांच्या नावांची शिळा आहे. पण त्यांतलं एक तरी नाव तुम्हाला आठवतं? मलाही आठवत नव्हतं, आणि मी त्या बातम्यांवर हात फिरवलेली बाई. 'सुंदरी' म्हटलं की गोष्ट सुरू होते, आणि गोष्टीत मेलेल्यांना नावं नसतात. स्त्रीला न्याय देतो आहोत अशा भावनेने जे तिच्या बाजूने लिहीत होते, त्यांनीही हे वीस जण पुसले. त्यांच्या विधवा बायकाच होत्या ना? त्यांच्याकडे कोण गेलं?

बेहमईचा निकाल लागला १४ फेब्रुवारी २०२४ ला, बरोबर त्रेचाळीस वर्षांनी. एकाला जन्मठेप. बहुतेक आरोपी तोवर मेलेले होते. फिर्यादी २०२० च्या डिसेंबरात गेला. त्याच वर्षाच्या जानेवारीत निकाल लागणार होता, तो मूळ केस डायरी सापडत नाही म्हणून पुढे गेला. एका हत्याकांडाची केस डायरी हरवते, ही माझ्या मते त्या वर्षातली मोठी गुन्हे-बातमी होती. ती आतल्या पानावर दोन कॉलमांत आली, आणि मथळ्यात होती फूलन.

आता माझ्या स्वतःच्या हातून झालेलं सांगते, कारण वर्गात मी ते लपवत नाही.

२५ जुलै २००१. दुपारी एजन्सीची फ्लॅश आली: दिल्लीत अशोका रोडवरच्या सरकारी बंगल्याच्या दारात फूलन देवीला गोळ्या घातल्या. ती तेव्हा मिर्झापूरची खासदार होती. १९९६ मध्ये निवडून आली, ९८ मध्ये पडली, ९९ मध्ये पुन्हा आली. पहिलं पान माझ्याकडे होतं. बाहेर पाऊस, डाक आवृत्ती सुटायची घाई, आणि ग्वाल्हेरचा पेपर म्हणजे ही बातमी आमच्या अंगणातली. बॅनर करायचा होता. मी लिहिलं, 'दस्यु सुंदरी रहीं सांसद फूलन देवी की हत्या'. बसेना. अक्षर बारीक करायला वृत्तसंपादक तयार नव्हते. मग मी कापाकापी केली आणि पान गेलं: 'दस्यु सुंदरी फूलन देवी की हत्या'.

काय कापलं ते बघा. जागा कमी होती, तर तीन अक्षरांचा 'सांसद' काढला आणि त्याहून लांब 'दस्यु सुंदरी' ठेवला. जागेच्या हिशेबानेही ते चुकीचं होतं. पण त्या घाईत माझ्या हाताने जो शब्द वाचवला, तो सतरा-अठरा वर्षं डोळ्यांखालून गेलेला होता. कोणी सक्ती केली नव्हती. डेस्कवर चौघांत मी एकटी बाई होते, आणि तो मथळा माझा होता.

सकाळी अप्पांनी पेपर वाचला, चष्मा काढला, आणि मला हाक मारली. "दोनदा निवडून दिलं गं तिला मिर्झापूरच्या लोकांनी. तू एका रात्रीत परत बीहडात पाठवलीस." मी म्हटलं, अप्पा, लोक तिला त्याच नावाने ओळखतात. ते म्हणाले, "लोकांना नाव कोणी शिकवलं?" पुढे काही बोलले नाहीत. कात्रण मात्र कापलं आणि वहीत लावलं. आजही ते आहे, माझ्या मथळ्यासकट.

त्या नंतर मी हे नुसतं सौंदर्याचं प्रकरण मानणं सोडलं. महाराष्ट्रातल्या वाचकाला याची दुसरी बाजू गावित बहिणींच्या प्रकरणातून लगेच कळेल. रेणुका शिंदे आणि सीमा गावित, १९९६ ची अटक, लहान मुलांची अपहरणं आणि खून, २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायम. तिथे कोणी 'सुंदरी' म्हटलं नाही. तिथे 'आईच्या जातीला काळिमा' होतं. गुन्हा इतका भीषण होता की विशेषणांची गरजच नव्हती, तरी विशेषणं आली आणि सगळी बाईपणाची. पुढे वर्षानुवर्षं बातमीचा कोन एकच: स्वतंत्र भारतात फासावर जाणाऱ्या पहिल्या महिला. रेणुकाचा नवरा त्या टोळीत होता आणि माफीचा साक्षीदार होऊन सुटला, हे किती जणांच्या लक्षात आहे? आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली ती दयेच्या अर्जावर सरकारने केलेल्या अक्षम्य दिरंगाईमुळे, बाई म्हणून दया दाखवून नव्हे, हे तरी?

एक सुंदरी, एक कैदाशीण. मला दोन्हींत एकच नकार दिसतो: ती साधी आरोपी आहे हे मान्य करायचा नकार. आरोपी म्हटलं की कलमं आली, वकील आला, जामीन आला, तारीख आली, मेलेल्याचं नाव आलं. हे सगळं लिहायला कष्ट पडतात. विशेषण फुकट मिळतं.

अशी विशेषणं का टिकतात, याचं एक कारण धंद्यातलं आहे. बाईने केलेला खून कमी असतो. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते, त्यांत बायका शंभरात चार. जे क्वचित घडतं ते पहिल्या पानावर येतं, हा डेस्कचा जुना नियम आहे. त्याच २०२२ मध्ये हुंडाबळीचे सहा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. म्हणजे रोज सतरा-अठरा. त्या बातम्या 'विवाहिता की संदिग्ध मौत' या ठरलेल्या मथळ्याखाली, सिंगल कॉलमात, तळाला. एका नवऱ्याला मारणारी बायको आठवडाभर पानावर राहते. रोज मरणाऱ्या सतरा बायका एका दिवसात शिळ्या होतात. वाचकाच्या मनात मग घराघरांतून विषाचा पेला घेऊन बायकाच उभ्या आहेत असं चित्र तयार होतं, आणि ते आपण तयार केलेलं असतं.

दुसरं कारण, बातमी येते ती ठाण्यातून. पत्रकार परिषद, मधे टेबल, मागे तोंडावर ओढणी घेतलेली बाई, दोन्ही बाजूंना महिला शिपाई. अटकेतल्या माणसाला माध्यमांपुढे असं उभं करू नये, हे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१० मध्येच पोलिसांना लेखी कळवलेलं आहे. तरी फोटो निघतात. आणि तपास अधिकाऱ्याने 'प्रेमप्रकरण' म्हटलं की डेस्कवर 'प्रेमी संग मिलकर' हे तीन शब्द आपोआप उमटतात. दोषारोपपत्र अजून लांब असतं.

२०२५ च्या मार्चमध्ये कुसमा नाइन गेली. चंबळच्याच टोळ्यांतली, २००४ मध्ये शरण आलेली, इटाव्याच्या तुरुंगात जन्मठेप भोगणारी. लखनौच्या रुग्णालयात क्षयाने गेली, साठीची होती. सकाळी चहा घेताना मोबाइलवर मथळा आला: दस्यु सुंदरी. क्षयाने हाडं उरलेल्या, साठीच्या कैदी बाईला.

तो मथळा मी वर्गात नेला. फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, यातून एकही विशेषण न वापरता बातमी करा. पहिली दहा मिनिटं सगळी गप्प. मग एक मुलगी, मुरैन्याची, म्हणाली, "मॅडम, टीबी कधी झाला ते यात नाहीच." दुसऱ्याने विचारलं, तुरुंगात औषध कधी सुरू केलं? तिसरा म्हणाला, तिच्यावरच्या कोणत्या गुन्ह्यात शिक्षा लागली ते लिहायला हवं, आणि कोण मेलं होतं तेही. एवढी सगळी बातमी त्या एका शब्दाखाली दबून पडली होती. मुलांनी ती काढली, कारण त्यांना तो शब्द वापरायची परवानगी नव्हती.

मी त्यांना सांगते, मथळा झाला की बाईच्या जागी पुरुष घालून एकदा मोठ्याने वाचा. 'देखण्या जावयाने सासऱ्याला संपवलं.' 'दोन मुलांच्या बापाने केला खून.' जिभेला अडलं तर काढा. ही युक्ती पुरी पडत नाही, हेही सांगते. कारण मलखानच्या कात्रणातही मेलेल्यांची नावं नाहीत. 'सम्राट' हा शब्दही कोणाच्या तरी घरच्या माणसांवर पाय देऊनच उभा आहे. बाईच्या बातमीत आपण जास्त वाईट वागतो, पण पुरुषाच्या बातमीत शहाणे असतो असं नाही.

शेवटी मी मुलांच्या हातात ती वही देते. १९८३ च्या पानानंतर पान उलटलं की पुढचं कात्रण आहे फेब्रुवारी १९९४ चं, तिच्या सुटकेचं. मधे काही नाही. तिच्यावर अठ्ठेचाळीस गुन्हे होते. अकरा वर्षं ती कैदेत राहिली, त्यातली बहुतेक वर्षं आमच्याच ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती कारागृहात, बहोडापूरला, आमच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि या अकरा वर्षांत तिच्यावर खटला चालला नाही. साथीदारांसाठी तिने मागितलेली वर्षं होती आठ. अप्पा रोज तीन पेपर घ्यायचे आणि कोर्टातलं काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. वहीत जागा सोडलेली नाही. एका पानावर ती रायफल ठेवते आहे, आणि पाठीमागच्या पानावर तुरुंगाबाहेर उभी आहे.